चार बोटांची दुमड

पुट्टीच्या पोटाला नळी बसवली तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुट्टी म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. म्हैसुरात लहान मुलीला कन्नडमध्ये पुट्टी म्हणतात, आमच्या मराठी घरातही तेच पडलं. तिला गिळता येत नव्हतं, बसता येत नव्हतं, मान धरता येत नव्हती. का, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. आजाराचं ते लांबलचक नाव मी लक्षात ठेवलं नाही. नावाचा मला उपयोग नव्हता. ती अकरा वर्षं जगली.

नळी पोटाच्या डाव्या अंगाला होती, वीतभर बाहेर लोंबणारी, टोकाला टोपण. दूध, पेज, औषध सगळं त्यातून सरळ पोटात जायचं. दवाखान्यात ती चिकटपट्टीने पोटाला चिकटवून दिली होती. पट्टी काढली की कातडीही निघायची. पुट्टीचा एक हात आपोआप उडायचा, आणि एक दिवस तिचं बोट नळीत अडकलं. नळी बाहेर आली. मुलीने पोर टॉवेलात गुंडाळली आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, उशीर झाला असता तर भोक बुजलं असतं, परत कापावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेतून पत्र आलं. ती सरकारी शाळेत शिकवायची. बिनपगारी रजा वाढवून वाढवून संपली होती. दसऱ्याची सुट्टी झाली की रुजू व्हा, नाहीतर नोकरी सोडा, असं पत्रात होतं. जावई बेंगळुरूला कारखान्यात, रविवारी यायचा. तो म्हणाला, अशा मुलांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे ठेवू. वाईट माणूस नव्हता तो. त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. मुलगी त्याला काही बोलली नाही. मला म्हणाली, "अम्मा, तुला जमेल का हिचं?"

"शिकव," मी म्हणाले.

म्हणजे प्रश्न सरळ होता. दसऱ्यापर्यंत मला पुट्टी धड सांभाळता आली तर नोकरीही राहील आणि पोरही घरात राहील. नाही जमलं तर दोन्हीतलं एक जाणार.

माझे मालक वारल्यावर मी जुन्या गल्लीतल्या खोलीत एकटी होते. शिवणाचं मशीन रिक्षात घालून कुवेंपुनगरला मुलीच्या घरी राहायला आले. मशीन पुट्टीच्या पलंगाशेजारी खिडकीपाशी ठेवलं. पाय चालवता चालवता तिच्याकडे बघता यायचं.

दवाखान्यातली एक नर्स मला सगळं शिकवायला नेमली होती. बन्नूरहून रोज बसने यायची. बोलायला फटकळ, हात मात्र हलका. मोठ्या पिचकारीचा दांडा काढून ती नळीला लावायची, पिचकारी वर धरायची आणि दूध हळूहळू आपोआप उतरू द्यायचं. आधी पाणी, मग दूध, मग परत पाणी. दाबायचं नाही, घाई करायची नाही. दूध चालू असताना आणि नंतर अर्धा तास पोर उतरती ठेवायची, डोकं वर, पाय खाली. घशात कफ साचला की यंत्राने ओढून काढायचा. ते यंत्र विजेवर चालायचं, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. करंट गेला तर पायाने दाबायचं दुसरं. ते मला लगेच जमलं. पन्नास वर्षं पायमशीन चालवलेल्या बाईला ते काय शिकवायचं.

नर्सने एक परदेशी पुस्तक दाखवलं. त्यात अशा मुलांच्या वापरायच्या वस्तूंचे फोटो होते. नळी आत ठेवायचा पट्टा, पोटाशी उघडणारे कपडे, उतरत्या उशा, यंत्र न्यायच्या पिशव्या.

"अज्जी, तिकडे हे सगळं तयार मिळतं," ती म्हणाली.

मी फोटो जवळ धरून शिलाई बघितली. सरळ टिपा होत्या.

"हे मी शिवते."

"शिवाल हो, पण अंगाला लागेल असं काही नको."

"तू मला शिवण शिकवू नकोस."

ती हसली. नंतर हसली नाही, ते पुढे येईल.

पहिला पट्टा मलमलीचा केला. आठ बोटं रुंद, नळीसाठी शर्टाला करतात तसं काज, आणि बाजूला एक खिसा. नळी काजातून बाहेर काढायची, गुंडाळून खिशात घालायची. बोट अडकायचं बंद झालं. मग फ्रॉक. डाव्या अंगाला झडप, तिला टिचबटणं. दूध पाजायला पोर उघडी करावी लागत नव्हती. तिच्या लाळेला दिवसाला दहा-बारा रुमाल लागायचे. जुन्या धोतराचे चौकोन कापून त्यांना पाठीमागे बनियनचं कापड लावलं, म्हणजे ओल गळ्यापर्यंत जात नाही.

उतरती उशी हिनकलच्या फोमवाल्याकडून कापून आणली. तो म्हणाला, "सोफ्यासाठी का अम्मा?"

"माणसासाठी."

"एवढा उतार? माणूस घसरेल की."

"म्हणून खाली गुडघ्याजवळ एक उंचवटा ठेव."

त्याने ठेवला. माणूस हुशार होता, पुढे काही विचारलं नाही.

यंत्राला रेक्झिनची पिशवी केली, पट्टा खांद्यावर अडकवायचा. बाहेरच्या बाजूला कफ काढायच्या नळ्यांचा खिसा, दुसऱ्या बाजूला पायाच्या यंत्राचा. पिचकाऱ्या सगळ्या सारख्या दिसायच्या, वर इंग्रजीत लिहिलेलं. मला ते वाचता येत नाही. औषधाच्या पिचकारीला लाल दोरा बांधला, पाण्याचीला पांढरा, दुधाचीला काहीच नाही. नर्सने दोरे बघितले आणि दुसऱ्या एका आईला फोन करून सांगितलं. तिथून लोकांना कळायला लागलं.

एक गोष्ट नर्स रोज सांगायची. पुट्टीची पाठ उघडायची, लाल दिसेल तिथे बोट दाबायची. बोट उचललं की ती जागा पांढरी होऊन परत लाल व्हायची. "असं झालं तर ठीक," ती म्हणायची. "दाबूनही लालच राहिली तर आत मांस मरायला लागलं. अज्जी, आपण झोपेत दहा वेळा कूस बदलतो. ही बदलत नाही. हिच्या अंगाखाली सुरकुतीसुद्धा नको."

मी हो म्हणायचे. चादर ताणून घालायचे, दर दोन तासांनी कूस बदलायचे. सुरकुती म्हणजे चादरीची, एवढंच माझ्या डोक्यात.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगते. आम्ही शिंपी. माझे सासरे लहान मुलाचं कापड कधी अंगाबरोबर कापत नसत. अंगाबरोबर कापलं तर मुलाची वाढ तिथेच थांबते, असं ते म्हणायचे, आणि त्यांचे वडीलही म्हणायचे. म्हणून मुलाचं मापही टेपने घ्यायचं नाही, नजरेने घ्यायचं. फ्रॉक असो की झबलं, पाठीमागे कमरेशी चार बोटं कापड आत दुमडून सोडायचं. दर दसऱ्याला एक बोट उसवायचं. माझ्या मुलीचे सगळे फ्रॉक असेच वाढले. मला हे खरं वाटत होतं का, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी कधी विचारच केला नव्हता. कात्री धरली की हात आपोआप चार बोटं पुढे जायचा.

रोज घालायच्या फ्रॉकांना मी मऊ कापड वापरत होते, त्यात दुमड असली तरी जाणवत नव्हती. दसऱ्याला मात्र नवा फ्रॉक शिवला. जाड खणाचा, खाली काठ. सणाला पोर चांगली दिसावी म्हणून. चार बोटं दुमड आत, तिच्यावर काठाचं कापड, दोन टिपा. हाताला काठीसारखी लागत असणार. मी हात फिरवून बघितला नाही.

आयुधपूजेला आमच्याकडे मशीन, कात्री, टेप, इस्त्री सगळ्यांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. मुलीने कफाचं यंत्रही मशीनशेजारी आणून ठेवलं, त्यालाही कुंकू लावलं, फूल वाहिलं. दहा मिनिटांनी पुट्टीचा घसा घरघरला आणि ते फुलासकट परत चालू करावं लागलं. "हे एक सुट्टी घेत नाही," मुलगी म्हणाली. ती त्या दिवशी बऱ्यापैकी बोलत होती. शाळा उघडायला आठ दिवस होते.

म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी बाहुल्या मांडतात, आमच्याकडच्या बघायला लोक येत होते. आल्या-गेल्यासमोर पुट्टी उतरत्या उशीवर बसती ठेवली होती. दुसऱ्या दिवशीही तोच फ्रॉक, कारण लोक येतच होते. कूस मी बदलली, पण नेहमीएवढी नाही. कुशीवर ठेवली की तोंड दिसत नाही, येणारी बाई म्हणते, बघू बघू. मी परत सरळ करायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीने अंग पुसायला फ्रॉक काढला. मी स्वयंपाकघरात होते. तिने हाक मारली नाही. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी गेले. पुट्टीच्या कमरेवर आडवा लाल पट्टा उठला होता, कडा सरळ, टेपने आखल्यासारख्या. मुलीने बोट दाबलं. उचललं. लालच.

तिने फ्रॉक उलटा केला.

"अम्मा, हे आत काय आहे?"

"कापड सोडलंय."

"कशाला?"

"वाढली की उसवायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोण वाढली की?"

मी फ्रॉक तिच्या हातातून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिथली कातडी फाटली. नर्स आली, जखम धुतली, औषध लावलं, कापूस ठेवला. मग फ्रॉक हातात घेतला आणि माझ्यासमोर टाकला. "अय्यो अज्जी. दुसऱ्या कोणाच्या घरी झालं असतं तर मी समजले असते. शिंप्याच्या घरी?"

"माझंच चुकलं," मी म्हणाले.

"चुकलं म्हणून पाठ भरत नाही. महिना लागेल. वाढली तर दवाखान्यात घालावी लागेल."

रविवारी जावई आला. जखम बघितली, बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, "निदान ती संस्था बघून तर येऊ." या वेळी मुलगी गप्प बसली नाही. "बघू," म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं मला काहीतरी होईल, छातीत वगैरे. काही झालं नाही. मी भांडी घासली.

रात्री जेवणं झाल्यावर मुलीने मी शिवलेलं सगळं काढलं. पट्टे, फ्रॉक, रुमाल, उशीचे अभ्रे. एकेक उलटा करून प्रत्येक टीप बोटाने चाचपली. शाळेत वह्या तपासते तशी. दोन ढीग केले. चालणारे आणि न चालणारे. चालणाऱ्यात फक्त रुमाल होते. प्रत्येक पट्ट्यात दोन बोटं कापड आत होतं, फ्रॉकमध्ये चार. उशीच्या अभ्र्यातसुद्धा मी दुमड घातली होती. उशी काय वाढणार होती.

"अम्मा, मी राजीनामा लिहू का?" तिने विचारलं. रागावून नाही. खरंच विचारत होती.

"तीन दिवस दे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुमडी सगळ्या उसवल्या. त्यातलं काही वापरण्यासारखं नव्हतं, दोन-दोन टिपांची भोकं राहिली होती. नवं कापायचं ठरवलं. त्यासाठी माप हवं होतं आणि पुट्टीचं माप मी कधी घेतलंच नव्हतं. टेप काढली. मुलीने पोर कुशीवर धरली, मी टेप लावली. छाती, कंबर, काखेपासून नळीपर्यंत, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. मी आकडा सांगायची, मुलगी वहीत लिहायची. पोरीच्या अंगाला टेप लावताना सासऱ्यांची आठवण आली असं म्हणायला हरकत नाही, पण खरं तर आली नाही. मी आकडे तेवढे बरोबर सांगत होते.

मापावरून जुन्या वर्तमानपत्राचा नमुना कापला. तो पुट्टीच्या अंगावर ठेवून बघितला. मग कापडावर ठेवला, खडूने आखलं.

"अंगाबरोबर कापते आहे," मी म्हणाले.

"काप," मुलगी म्हणाली.

कापलं. शिलाईपुरतं अर्धं बोट सोडलं, बाकी काही नाही. पाठीचा भाग अखंड, मध्ये एकही जोड नाही, बटण नाही, काठ नाही. बाजूच्या शिलाया ओढून पुढे घेतल्या, पोटावर. आणि सगळ्या शिलाया बाहेरच्या अंगाला ठेवल्या, आत अंगाला नुसतं गुळगुळीत कापड. पट्ट्याचंही तसंच. शिवून झाल्यावर आतून प्रत्येक जागी स्वतःचा गाल लावून बघितला. हाताची कातडी माझी निबर झाली आहे, तिला काही कळत नाही. गालाला कळतं.

शेजारची बाई विचारपूस करायला आली. मुलीच्या वयाची, रोज स्कूटरवर नोकरीला जाणारी.

"आंटी, पुट्टीचा फ्रॉक उलटा घातलाय."

"उलटाच शिवलाय."

"अरे! का?"

"तिची पाठ आत आहे. बघणारे बाहेर आहेत."

ती ओशाळली. मग म्हणाली, माझ्या नणंदेच्या मुलाला पण असं काही शिवून द्याल का, त्याच्या नाकात नळी आहे. मी म्हटलं, आधी हिची जखम बघू.

चार दिवस मुलीने दर दोन तासांनी पाठ उघडली. मी बाजूला उभी राहायची. जखम वाढली नाही. कडेने कोरडी पडायला लागली. नवीन लाल जागा कुठे नव्हती. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नर्स येऊन गेली. जाताना फ्रॉक उलटसुलट करून बघितला. "साकु," म्हणाली. म्हणजे पुरे. तिच्या तोंडून तेवढंच खूप होतं. मुलीने जावयाला फोन केला आणि सांगितलं, आत्ता कुठे जायचं नाही, मी उद्या रुजू होते आहे. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

सकाळी ती दारात पिशवी घेऊन उभी राहिली.

"मधल्या सुट्टीत फोन करते."

"कर."

"दर दोन तासांनी कूस."

"हो."

"लाल दोरा औषधाचा."

"दोरे मीच बांधलेत."

"आणि अम्मा, पाठ…"

"बस चुकेल तुझी."

ती गेली. अकरा वाजता दूध दिलं. बारा वाजता करंट गेला, कफ पायाच्या यंत्राने काढला. तीन वाजता पेज दिली. दर दोन तासांनी कूस बदलली, प्रत्येक वेळी पाठीवर बोट दाबलं, पांढरं झालं. साडेचारला मुलगी आली. चप्पल एकच निघाली होती, दुसरी पायातच. तशीच आत आली, पुट्टीला कुशीवर घेतलं, फ्रॉक वर केला, बोट दाबलं, बघितलं. मग तोंड धुवायला गेली. मी चहा ठेवला.

पुढे नऊ वर्षं तिने रोज हेच केलं. घरात आली की आधी पाठ. माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही, आणि होता असंही नाही. परत कधी जखम झाली नाही.

पुढच्या दसऱ्याच्या आधी एक दिवस फ्रॉकची पुढची टिचबटणं लागेनात. मला वाटलं, धुऊन कापड आटलं. दुसरा काढला. तोही लागेना. पट्टाही दोन बोटं तोकडा झाला होता. मुलगी शाळेतून आल्यावर तिला दाखवलं. तिने टेप आणली. वहीतले जुने आकडे काढले. छातीला दीड बोट, लांबीला तीन.

"वाढली," मुलगी म्हणाली.

"हो."

तिने नवे आकडे वहीत लिहिले. मग मी वर्तमानपत्र पसरलं आणि नवा नमुना कापला. जुना मशीनमागच्या खिळ्याला अडकवला. फ्रॉक नवे शिवले. अंगाबरोबर.

त्या खिळ्याला आता सात नमुने आहेत. शेवटचा सर्वांत मोठा, पण तोही मोठा म्हणण्यासारखा नाही. मुलगी ते फेकू देत नाही आणि मी काढायला सांगत नाही. कामाला येतात. नर्स अजून बायका पाठवते, कोणाच्या मुलाला पोटात नळी, कोणाच्या गळ्यात. त्या लांबून येतात, रिक्षातून, बसमधून. मुलाला काय झालंय ते सांगायला लागतात. मी म्हणते, नळी कुठे आहे तेवढं सांगा. आणि कापड पुढे करताना सगळ्या एकच म्हणतात, "अज्जी, थोडं मोठं ठेवा, वाढेल की."

मी ठेवत नाही. मी टेप काढते. "वाढलं की परत या," म्हणते, "नवं कापू."